जवारीचा दोरा आणि ८०८चा ठोका

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तासगावच्या बाजूला गावातल्या भजनी मंडळात तू मृदंग वाजवतोस. गेली दोन वर्षं रॉक आणि हिप-हॉप ऐकायचं वेड लागलंय. नवा अल्बम आला की वही घेऊन बसतोस, पण 'बीट भारी, आवाज कडक, एकदा ऐकाच' याच्या पुढे गाडी सरकत नाही. मित्र वर मीठ चोळतात, की इंग्रजी धड कळत नाही तर तुला त्यातलं काय कळणार. आणि मग तीन गोष्टी विचारल्यास: काका, तुम्ही कसं ऐकता, अलीकडचं काय आवडलं, आणि हेडफोन कुठला घेऊ.

मी समीक्षक वगैरे नाही, हे आधीच सांगतो. मिक्सरमागे बसणारा माणूस. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड बडवण्यापासून सुरुवात केली. पुढे नाटकं, कीर्तनं, कॉलेजची गॅदरिंग, भजन स्पर्धा, जे येईल त्याचा साउंड केला. २६ वर्षं झाली. आता सांगलीच्या विश्रामबागेत एका गाळ्याच्या वर रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकल्यात, पावसाळ्यात त्यांचा वास येतो. दिवसा लोकांचे अभंग आणि वाढदिवसाची गाणी रेकॉर्ड करतो, रात्री साडेनऊनंतर स्वतःसाठी ऐकतो. त्यामुळे माझं ऐकणं कारागिराचं आहे, त्यात गुणही तेच आणि दोषही तेच.

'भारी' असं तोंडातून निघालं म्हणजे आत काहीतरी झालेलं असतंच. फक्त ते नेमकं कधी झालं, हे आपण गाणं संपेपर्यंत विसरतो. म्हणून माझ्या वहीला डावीकडे समास आखलेला आहे आणि त्या समासात मिनिट-सेकंद येतात. अंगावर काटा आला, लिही वेळ. कंटाळा आला, लिही वेळ. हात आपोआप मोबाइलकडे गेला, तीही वेळ लिही, ती तर सगळ्यात महत्त्वाची. समासात वेळ नसेल तर त्या अल्बमबद्दल मत द्यायचं नाही, हा माझा स्वतःपुरता नियम. अल्बम संपल्यावर फक्त त्या जागांवर परत जायचं आणि तिथे कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, काय वाढलं, काय थांबलं, एवढंच बघायचं.

उदाहरण देतो. लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचा 'फ्रॉम झीरो' नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ मध्ये वारला, त्यानंतरचा हा त्यांचा पहिला नवा अल्बम आणि गायला नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग. आमच्या पिढीतल्या ज्यांनी कॉलेजात चेस्टरचं ओरडणं पाठ केलं होतं, ते सगळे दात-ओठ खाऊनच ऐकायला बसले होते, मीही त्यातलाच. सुरुवातीचा छोटा तुकडा संपला आणि 'द एम्प्टीनेस मशीन' सुरू झालं. गातोय माइक शिनोडा, जुना, ओळखीचा आवाज. एक कडवं, एक ध्रुवपद, सगळं त्याचंच. मला वाटलं, नव्या बाईला लपवतायत की काय. दुसऱ्या कडव्याला ती आली आणि मी समासात वेळ लिहिली. नंतर परत जाऊन पाहिलं तर युक्ती कळली. जुन्या माणसानं ओट्यावर बसून आधी आपल्याशी गप्पा मारल्या, मग सहज म्हणावं तसं, 'ही आमची नवी' असं म्हणून ओळख करून दिली. लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्या दिवशी थेट चुलीसमोर उभं करत नाहीत, तसंच. हे लक्षात आल्यावर तो अल्बम मला आवडला. पण खरं सांगायचं तर जेमतेम ३२ मिनिटांच्या त्या अल्बममध्ये मधल्या तीन-चार गाण्यांच्या समासात काहीच नाही. 'हेवी इज द क्राउन'मध्ये तिनं जी लांबलचक किंकाळी ओढलीय, तिथे वेळ आहे, आणि शेजारी मी 'घसा!!' असं लिहिलंय.

आता तुझ्या मृदंगाकडे येतो, कारण मला वाटतं तुझी अडचण इंग्रजीची नाहीच. तुझी सम वेगळ्या जागी आहे. भजनी ठेक्यात आठ मात्रा, आणि सगळी गर्दी पहिल्या मात्रेवर. टाळकरी, झील धरणारे, बुवा, सगळे फिरून तिथेच येऊन पडतात. हिप-हॉपमध्ये पहिल्या मात्रेवर किक पडतो, खालचा जाड ठोका. पण कानाला टोचतो तो स्नेअर, वरचा कडक ठोका, आणि तो असतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. रॅपर यमकाचं ओझं बहुतेक वेळा चौथ्या मात्रेवर ठेवतो. म्हणजे तू ज्या जागेवरून उडी मारायची तयारी करतोस, तिथे तो उतरत असतो. पहिल्यांदा ऐकताना सगळं उलटंपालटं वाटतं ते यामुळे. एक कर. गाणं लाव, मांडीवर एक-दोन-तीन-चार मोज, दोन आणि चारला टाळी दे, शब्दांकडे ढुंकूनही बघू नकोस. असे चार आकडे म्हणजे एक बार, आणि कडवं साधारण सोळा बारचं असतं. मिनिटाला ९० ठोक्यांची लय असेल तर ते कडवं सुमारे ४३ सेकंदांत संपतं. एवढ्या वेळात माणूस किती बोलतो, कुठे श्वास घेतो, आणि चौथ्या मात्रेवर यमक टाकायचं मुद्दाम टाळून पुढच्या ओळीत कुठे नेऊन आपटतो, हे तुला तुझ्या मित्रांपेक्षा जास्त कळेल. त्यांनी कधी लग्गी वाजवलेली नाही.

पुढचा मुद्दा मी कुणालाही सांगत सुटतो, त्यामुळे जरा लांबेल.

हिप-हॉपमधला तो खालचा गुबगुबीत ठोका तुला आवडतो म्हणालास. त्याला सगळे '८०८' म्हणतात. १९८० मध्ये रोलँड या जपानी कंपनीनं टीआर-८०८ नावाचं ताल-यंत्र काढलं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून गंभीर संगीतवाल्यांनी नाकं मुरडली, साधारण १२,००० नग निघाले आणि उत्पादन बंद पडलं. मग ती यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागली आणि ज्यांच्याकडे ड्रमसेटला पैसे नव्हते त्या पोरांनी उचलली. त्यातला किक म्हणजे ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनं) आसपासचा लांब लांब ओसरत जाणारा हुंकार. आता गंमत बघ. तुझ्या मोबाइलच्या स्पीकरमधून दोनशे-अडीचशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. तरी तुला मोबाइलवर तो ठोका कळतो. कसा?

याचं उत्तर आपल्याकडे, सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवर मिरजेत आहे. सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या एखाद्या दुकानात जाऊन तासभर नुसता बस. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी पेपरात वाचलं, पण तिथे जाऊन बसणारे कमी. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे माळ्यावर टांगलेले असतात, खाली लाकडाचा भुसा, आणि कारागीर घोडीवर वाकलेला. घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती रुंद पट्टी. तिचा पृष्ठभाग सपाट नसतो, अगदी किंचित उतरता घासलेला असतो, आणि तार त्या उतारावर चाटत चाटत थरथरते. मग तंबोरा असेल तर तार आणि घोडी यांच्यामध्ये तो एक सुती दोरा सरकवतो. दोरा केसभर पुढे, तार मुकी. केसभर मागे, नुसती खरखर. मधेच कुठेतरी एक जागा येते आणि तार एकदम उघडते, झुळझुळायला लागते. ही जवारी. (आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना जवारी म्हटलं की भाकरी आठवते. चालायचंच.)

काळी एक पट्टीच्या तंबोऱ्यात खरजाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची, तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. जवारी लागली की त्या एका तारेतून तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे वरचे स्वर बाहेर सांडतात. पाचपट म्हणजे स्वयंभू गंधार, जो कुणी छेडलेला नसतो पण ऐकू येतो. हे वरचे स्वर कानावर पडले की मेंदू हिशेब करतो, की हे सगळे ज्याचे नातेवाईक तो बाप खाली असणार, आणि खरज स्वतः अशक्त असला तरी तो भरभरून ऐकवतो. हिप-हॉपचा निर्माता संगणकावर नेमकं हेच करतो. ८०८चा शुद्ध हुंकार घेतो आणि त्याला थोडा फाडतो, किंचित खरखर चढवतो. १००, १५०, २००, २५० असे वरचे स्वर तयार होतात, त्यातले वरचे काही मोबाइलमधून निसटतात आणि खालचा ठोका तुझा मेंदू भरतो. कमी फाडला तर मोबाइलवर गाणं पोकळ, जास्त फाडला तर मोठ्या सिस्टिमवर चिखल. तोच दोरा, तीच केसभर जागा.

हे एकदा कळल्यावर माझं नवे अल्बम ऐकणं बदललं. पहिल्याच गाण्यात मी दोरा कुठे ठेवलाय ते बघतो. काही अल्बम फक्त गाडीच्या डिकीतल्या बेससाठी केलेले असतात, मोबाइलवर ते मरतात. काही फक्त मोबाइलसाठी केलेले असतात, मोठ्या स्पीकरवर त्यांची हाडं दिसतात. दोन्हीकडे जगणारे थोडे.

अशा थोड्यांपैकी अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स'. २२ नोव्हेंबर २०२४ ला आधी काही गाजावाजा न करता एकदम टाकला, १२ गाणी, ४४ मिनिटं. तुझ्या मित्रांपैकी कुणी 'हे रस्त्यावरचं' म्हणून हिणवलं तर सांग, की याच माणसाच्या आधीच्या एका अल्बमला २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालंय, जे त्याआधी शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर गेलं नव्हतं. नाव गाडीचं आहे. ब्यूइक कंपनीची जीएनएक्स, १९८७ ची, एकूण ५४७च बनवल्या. केंड्रिकचा जन्मही १९८७ चा. ज्या जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या मडगार्डवर 'आई-वडिलांची कृपा' लिहून त्याला घुंगरं बांधतात, तिथल्या माणसाला गाडीच्या नावानं अल्बम काढणारा परका वाटायचं कारण नाही.

हा अल्बम सुरू होतो तेव्हा रॅप नाही. एक बाई स्पॅनिशमध्ये खुल्या गळ्यानं गाते, डेरा बरेरा नावाची मारियाची, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीत गाणारी गायिका. पहिल्या वेळेला मला वाटलं, चुकून दुसरं काही लागलं. मग तिच्या आवाजाच्या शेपटीला धरूनच काळोख्या आवाजात केंड्रिक सुरू होतो. ती अल्बममध्ये तीन वेळा येते, पहिल्या गाण्यात, मध्ये एकदा आणि शेवटच्या गाण्यात. तिच्या ओळींचा अर्थ मी पहिल्या दिवशी शोधला नाही, मुद्दाम. तिला मी तंबोऱ्यासारखं ऐकलं. बाकी सगळे भांडतायत, पण मागे एक स्वर आहे जो सगळ्यांच्या आधी होता.

'लूथर' नावाचं गाणं आहे, त्यात एसझेडए ही गायिका त्याच्याबरोबर गाते. त्यात वाजणारा जुना तुकडा लूथर व्हँड्रॉस आणि शेरिल लिन यांनी १९८२ मध्ये गायलेल्या गाण्यातला, आणि ते गाणंही मुळात मार्विन गेचं, १९६७ चं. याला सॅम्पल म्हणतात आणि काही शिष्ट लोक याला चोरी म्हणतात. तुला काय सांगायचं? तुमच्या मंडळात किती अभंग सिनेमाच्या चालीवर आहेत ते मोज आणि मग बोल. ओळखीची चाल आली की म्हातारी माणसं मान डोलवतात आणि नवे शब्द आत जातात. इथे तीन पिढ्या एका तुकड्यात बसल्यात, आणि त्यावर केंड्रिक आवाज चढवत नाही. जवळजवळ कुजबुजतो. मी समासात लिहिलंय: 'इथे ८०८ नम्र झाला.'

'टीव्ही ऑफ'मध्ये अर्ध्यात बीट बदलतो आणि केंड्रिक निर्माता मस्टर्डचं नाव घेऊन आरोळी ठोकतो. ती आरोळी जगभर पोरांनी उचलली. मला त्यात विशेष काही वाटलं नाही, पण बीट जिथे बदलतो ती जागा मोठ्या सिस्टिमवर ऐकशील तर पोटात खड्डा पडतो. मी एका हळदी समारंभाच्या आधी, मांडवात कुणी नसताना, सिस्टिम तपासायच्या निमित्तानं लावून पाहिलं. आचारी कांदा चिरायचा थांबला.

आणि शेवटचं 'ग्लोरिया'. ऐकताना वाटतं बाईवरचं गाणं आहे, भांडणं, रुसवे, परत एकत्र येणं. पुढे कळतं की ती बाई म्हणजे त्याची लेखणी. हे तुझ्या मित्रांना 'ट्विस्ट' वाटेल. तू गौळणी आणि विराण्यांवर ठेका धरलेला माणूस, तुला यात नवल वाटू नये. बाईच्या तोंडून किंवा बाईच्या रूपात दुसरंच काही बोलायची रीत आपल्याकडे सातशे वर्षांची आहे. फक्त इथे विठ्ठलाच्या जागी पेन आहे. शिव्या भरपूर आहेत, तेवढं ध्यानात ठेवून घरात मोठ्यानं लाव.

त्याच महिन्यात अगदी दुसऱ्या टोकाचा अल्बम आला, द क्युअर या ब्रिटिश रॉक बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. सोळा वर्षांनी काढलेला नवा अल्बम, आणि गाणी फक्त आठ. पहिल्या गाण्यात त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडतो तोपर्यंत तीन मिनिटं उलटून गेलेली असतात. आजकाल दहा सेकंदांत शब्द आला नाही तर लोक पुढे सरकवतात, म्हणून हे धाडसच म्हणायचं. माझ्या पुतण्यानं विचारलं, 'काका, गाणं अडकलंय का?' मी म्हटलं, बस, आलाप चाललाय. तसा तो आलाप नाही, स्वर फारसे हलत नाहीत. ढोबळ, संथ ड्रम आणि त्यावर ढगांसारखे कीबोर्ड. पण काम आलापाचंच करतात, शब्द यायच्या आधी खोली तयार करतात. याच अल्बममध्ये त्यानं गेलेल्या भावावर एक गाणं केलंय. त्याबद्दल मी वहीत काही लिहिलेलं नाही. वेळसुद्धा नाही.

आता आपल्या देशातलं. दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडचा 'नू दिल्ली' मार्च २०२५ मध्ये आला, आठ गाणी. मेटल गिटार, त्यावर हिंदी-इंग्रजी-पंजाबी, रॅप, ढोल, बासरी, तुंबी (पंजाबी एकतारी वाद्य). एक अख्खं गाणं खाण्यावर, नाव 'तडका'. मजा येते, घाम येतो. पण मिक्सरवाल्याची एक तक्रार. ढोलाचा जाड आवाजाचा भाग आणि गिटारचा खालचा भाग एकाच जागेसाठी भांडतात, आणि गिटार दोन्ही बाजूंनी भिंतीसारखी उभी असल्यामुळे ढोल मधे चेंगरतो. तुंबी मात्र वरच्या पट्टीतून सुईसारखी बाहेर येते. ऐकताना सारखं वाटत राहिलं, इथे ढोलाऐवजी आपली हलगी असती तर? हलगीचा कडकडाट असतोच वरच्या बाजूला, बारक्या काडीचा तर आणखी वर. कितीही गिटारी उभ्या करा, ती आरपार जाईल. खालचं काम हलगीच्या जोडीला वाजणारं घुमकं करेल. सांगली-सातारा-कोल्हापूरकडच्या जत्रेत, कुस्तीच्या मैदानात माइक नसताना हलगी दहा हजार माणसांना ऐकू जाते, ते उगाच नाही.

हे मनात होतंच, आणि हनुमानकाइंड नावाचा रॅपर ऐकला. मूळचा केरळचा, वाढला बराचसा अमेरिकेत, ह्यूस्टनला, रॅप इंग्रजीत. २०२४ मध्ये 'बिग डॉग्ज' गाजलं ते गाणं आणि मौत का कुआँमधला व्हिडिओ मिळून. आपल्या जत्रांमध्ये लाकडी विहिरीत मोटारसायकल फिरवणारे लहानपणी बघितलेत ना, तेच. पण मला जास्त आवडलं ते २०२५ चं 'रन इट अप'. त्यात त्यानं चेंडा हा केरळचा ढोल घेतलाय, आणि शोभेला नाही घेतला. ताल चेंड्याचा आहे आणि रॅपरला त्याच्यावर स्वार व्हावं लागतंय. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात त्यानं चेंडावाल्यांना मंचावर नेलं. पुढे आलेला 'मॉन्सून सीझन' मला कमीजास्त वाटला, काही तुकडे नुसते अमेरिकन सवयीनं केल्यासारखे. पण चेंड्याच्या गाण्याला समासात चार वेळा आहेत. ज्या दिवशी आपल्याकडचं पोरगं हलगीला असं पुढे बसवून माझ्या खोलीत येईल, त्या दिवशी मी पैसे घेणार नाही. हे लेखी समज.

हिंदीत सीधे मौत या दिल्लीच्या जोडीचा 'लंच ब्रेक' २०२३ चा आहे, म्हणजे अगदी नवा नाही, पण दोघांनी एकमेकांच्या तोंडातला शब्द उचलायची जी सवय लावलीय ती ऐक. तीस गाणी आहेत, एका बैठकीत संपवू नकोस, अजीर्ण होईल. पुण्याच्या एमसी स्टॅनचा 'तडीपार' तू ऐकलाच असशील. आवाज यंत्रातून इतका पिळलाय की शब्द शोधावे लागतात, मला तो पिळा नको वाटतो, पण शीर्षकाला दाद. पोलिसी मराठीतला शब्द देशभर पोचवला. आणि मराठी रॅप म्हणशील तर मुंबईच्या 'स्वदेसी' गटातला एमसी मवाली जरूर ऐक, त्यांच्या 'चेतावणी'त. वाक्य बोलल्यासारखं सोडतो आणि शेवटचा शब्द बरोब्बर टाळीवर टाकतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे यमक 'आहे-पाहे', 'करतो-मरतो' असं स्वस्तात मिळतं आणि बहुतेक नवी पोरं तिथेच फसतात. माझ्याकडे महिन्याला दोन-तीन तरी येतात, सोळाच्या सोळा ओळी 'तो'वर संपवलेल्या. मी त्यांना म्हणतो, क्रियापद ओळीच्या पोटात ढकल आणि नाम टाळीवर ठेव. निम्मे ऐकतात.

इंग्रजीचं म्हणशील तर पहिल्या ऐकण्यात शब्द बघायचेच नाहीत, वर सांगितलं तसं फक्त समास भरायचा. दुसऱ्या दिवशी ओळी समोर ठेवून ऐक, आता बहुतेक अ‍ॅपवर त्या दिसतात. अडलं तर शब्दकोश. पहिल्या दिवशी जिथे वेळ लिहिलीस तिथे काय म्हटलंय ते आधी बघ. कधी कधी तिथे अगदी साधी ओळ निघते आणि कळतं, की काम आवाजानं केलं होतं. तिसरं ऐकणं आठवड्यानं. मत तिसऱ्यानंतर.

एक सावधगिरी. दोन अल्बमची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेव. जे गाणं नखभर मोठं वाजतं ते चांगलं वाटतं, हा कानाचा जुना रोग आहे आणि मास्टरिंग करणाऱ्यांनी, म्हणजे गाण्यावर शेवटचा हात फिरवणाऱ्यांनी, त्यावर वर्षानुवर्षं पोट भरलंय. स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपमध्ये पातळी सारखी करायची सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू आहे का बघ. ती चालू केल्यावर कधीकधी कालचा 'कडक' अल्बम आज चपट्या भाकरीसारखा वाटतो, कारण त्यात उंच-सखल काही ठेवलेलंच नसतं.

राहिला हेडफोन. महागडा घेऊ नकोस, आणि 'एक्स्ट्रा बेस' लिहिलेला तर नकोच. त्यात सगळ्यांचाच ८०८ सारखा फुगतो आणि दोरा कुठे ठेवलाय ते कळत नाही. साधा, वायरचा, कान पूर्ण झाकणारा, दीड-दोन हजारांतला पुरे. वायरचा म्हणतोय कारण ब्लूटूथवर ठोका किंचित उशिरा येतो, आणि तू मांडीवर ठेका धरून बरोबर वाजवायला लागलास, तर तुझा मृदंग आणि गाणं एकमेकांना चुकतील.

आणि आणल्यावर पहिलं काम, डावं-उजवं तपास. हे सांगतोय कारण एका रॉक अल्बमला मी वहीत 'लंगडी गिटार, आळशी काम' असं लिहून निकालात काढलं होतं. चार महिने तेच मत छातीठोकपणे चार लोकांना सांगत फिरलो. मग एक दिवस भजनाचं रेकॉर्डिंग करताना टाळ फक्त उजवीकडून येतायत असं दिसलं. माझ्याच केबलची डावी बाजू आतून तुटलेली. रॉकमध्ये गिटार बहुधा दोनदा वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे लावतात. मी चार महिने अर्धीच गिटार ऐकत होतो. नवी केबल लावून तो अल्बम परत लावला आणि वहीतलं ते पान खोडलं नाही, फक्त समासात तारीख टाकून 'केबल' असं लिहिलं.